निकेलचे कण ऑक्साइडच्या आतून उगवताना

निकेलचा उत्प्रेरक (रासायनिक क्रिया वेगवान करणारा पदार्थ) बनवायची नेहमीची रीत: ऑक्साइडच्या पावडरीवर निकेल नायट्रेटचं द्रावण ओतायचं, वाळवायचं, भाजायचं. पद्धत सोपी, पण असे कण पृष्ठभागावर नुसते टेकलेले असतात. ७००-८०० अंश सेल्सियसवर ते सरकतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होतात. मिथेन रिफॉर्मिंगमध्ये (मिथेनपासून हायड्रोजन मिळवण्याच्या प्रक्रियेत) तर कणाखाली कार्बनचा तंतू वाढून कणालाच उचलून नेतो. एक्ससोल्युशन या दुसऱ्या पद्धतीत निकेल आधी पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकी ऑक्साइडच्या जाळीत विरघळवतात, मग हायड्रोजनमध्ये तापवून बाहेर काढतात. दात हिरडीत बसावा तसा कण खळग्यात रुतून उगवतो.

सगळी मेख प्रमाणात आहे. पेरोव्स्काइटमध्ये धातूंसाठी दोन प्रकारच्या जागा असतात: मोठ्या अणूंची ए-साइट आणि लहान अणूंची बी-साइट. निकेल बी-साइटवर बसतं. ए-साइट पूर्ण भरलेली असेल तर निकेल निघाल्यावर ए-साइटचे धातू जास्त ठरतात, त्यांचे ऑक्साइड वेगळे पडतात आणि प्रक्रिया अडते. म्हणून ए-साइट मुद्दाम थोडी रिकामी ठेवायची. २०१३ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटाने हे नीट मांडलं.

एक चांगलं सूत्र: लँथॅनम ०.५२, स्ट्रॉन्शियम ०.२८, निकेल ०.०६, टायटॅनियम ०.९४, ऑक्सिजन ३. सगळं निकेल निघालं तरी ए आणि बी यांचं गुणोत्तर ०.८५ राहतं. सुमारे ९.६६ ग्रॅम मालासाठी लँथॅनम ऑक्साइड ४.२३६, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट २.०६७, टायटॅनियम डायऑक्साइड ३.७५४ आणि निकेल ऑक्साइड ०.२२४ ग्रॅम लागतं. निकेल ऑक्साइडची धूळ कर्करोगकारक आहे. फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) काम करा.

सर्वांत जास्त घात लँथॅनम ऑक्साइड करतं. ते हवेतली ओल शोषून हायड्रॉक्साइड होतं. पूर्ण झालं तर त्याच वजनात १४% लँथॅनम कमी येतं. आधी ९०० अंशांवर तापवा आणि गार होताच तोला. मग ॲसिटोनमध्ये घोटा, १००० अंशांवर १२ तास भाजा, पुन्हा घोटून गोळी दाबा आणि १४०० अंशांच्या वर तितकाच वेळ ठेवा.

एक्स-रे आलेखात (किरणांचा स्रोत तांब्याची नळी) ४३.३ अंशांच्या कोनापाशी शिखर दिसलं, तर निकेल ऑक्साइड उरलंय. ते हायड्रोजनमध्ये मोठ्या, सुट्या कणांत बदलतं आणि लोक त्यालाच एक्ससोल्युशन समजतात. थोडं उरलेलं आलेखात लपतं, म्हणून हायड्रोजनआधीच्या गोळीचीही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी हवीच. गोळीची बाहेरची त्वचा ए-साइट धातूंनी भरलेली असते, तिथे कण कमी उगवतात. गोळी फोडून ताजा भाग उघडा करा.

आर्गॉनने भट्टीची नळी धुऊन घ्या, मग ५% हायड्रोजन सोडा. ९०० अंश, सुमारे २० तास. तापमान कमी ठेवलं तर कण लहान येतात, पण निकेलही कमी निघतं. गार होईपर्यंत वायू बंद करू नका. गरम असताना हवा शिरली तर निकेलचं पुन्हा ऑक्साइड होतं.

कण खरंच रुतलेत का, हे नायट्रिक आम्लाने तपासता येतं. निकेल विरघळतं, ऑक्साइड टिकतं, आणि कण होते तिथे खळगे दिसतात. नुसत्या टेकलेल्या कणांखाली पृष्ठभाग सपाटच सापडतो.