वॅगनआरचे हेडलाईट: काच, वायरिंग आणि फोकस

मंडळी, हेडलाईटचं काम बरंचसं मार्गी लागलंय म्हणून अपडेट टाकतोय. गाडी २०१३ ची वॅगनआर, साधा एच४ बल्ब, ६०/५५ वॅट, म्हणजे एकाच बल्बमध्ये अपरचं (लांबचा उजेड) ६० चं आणि डिपरचं (जवळचा, खाली पडणारा उजेड) ५५ चं फिलामेंट. दुखणं एकच, रात्री डिपरवर रस्ता दिसत नाही, आणि पावसात तर ओलं डांबर सगळा उजेड गिळून टाकतं. पुण्यात गाड्यांच्या पार्टसाठी नाना पेठेत ज्याला विचारलं त्याने एकतर १००/९० वॅटचा बल्ब टाका म्हणून सांगितलं नाहीतर एलईडी टाका, आणि मला यातलं काहीच करायचं नव्हतं, कारण बल्बमधून उजेड निघतच असेल तर तो मधे कुठे मरतोय हे आधी शोधायला पाहिजे ना.

पहिलं काच. गाडी उघड्यावर उभी असते त्यामुळे पश्चिमेकडची बाजू जास्त पिवळी पडली होती. पॉलिकार्बोनेटवर कंपनीचं जे कडक कोटिंग असतं ते उन्हाने खराब होतं आणि पिवळेपणा त्याचाच असतो, म्हणून ते पूर्ण निघेपर्यंत घासणं भाग आहे, टूथपेस्टने वरवर चमक येते आणि थोड्या दिवसांत जाते. कडेने बंपर-बॉनेटला मास्किंग टेप, मग ८०० चा वॉटर पेपर, पाण्यात दोन थेंब शाम्पू. सुरुवातीला हातावरून पिवळसर दुधासारखं पाणी वाहतं, ते पांढरं यायला लागलं की कोटिंग निघालं समजायचं, त्याच्या आधी थांबू नका. मग १०००, १५००, २०००, ३०००, प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची म्हणजे आधीच्या पेपरचे चरे राहिलेत का ते दिसतं. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर. हा क्लिअर कोट टाळू नका, यूव्हीला अडवणारं आता तेवढंच आहे. आणि दमट हवेत मारू नका, पांढरट धुरकट थर येतो, मी उघडीप मिळेपर्यंत थांबलो.

आता वायरिंग, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. इंजिन चालू, लाईट चालू, बॅटरीवर मीटर लावला तर १४.१ व्होल्ट, आणि बल्बच्या कपलरवर (बल्बला बसणारा वायरचा सॉकेट) मागून टोचून बघितलं तर १२.४! हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड वायरमध्येच गेला. एका कपलरची डिपरची पिन तपकिरी होऊन प्लास्टिक मऊ पडलं होतं. अशा वायरिंगवर १००/९० टाकला असता तर करंट अजून वाढला असता, कपलर आणि रिफ्लेक्टर दोन्ही वितळायला आले असते, वर तो रस्त्यावर चालवायला कायदेशीरही नाही.

म्हणून अपर आणि डिपरला वेगवेगळे रिले (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच), बॅटरीपासून थेट अडीच एमएमची वायर, बॅटरीजवळच फ्यूज, सिरॅमिक होल्डर आणि अर्थिंग बॉडीवर रंग खरवडून नवीन. जुना कपलर आता फक्त रिलेला सिग्नल देतो. काही जपानी गाड्यांमध्ये स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा जोडायच्या आधी मीटरने खात्री करा. आता बल्बवर १३.७ मिळतंय. बल्ब तेच ६०/५५, जोडीने नवीन, काचेला बोट न लावता, कारण बोटाचं तेल तिथे तापून काच फुटू शकते.

एलईडीबद्दल एवढंच: जुना एच४ हातात घेऊन बघा, डिपरच्या फिलामेंटखाली चिमुकली पत्र्याची वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू नये म्हणून ती, नाहीतर तो वर उडून समोरच्याच्या डोळ्यात जातो. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो, एलईडीची चिप मिलिमीटरभर इकडेतिकडे असली की सगळं गणित बिघडतं. आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, म्हणजे गाड्या आणि त्यांचे पार्ट तपासणाऱ्या संस्थेत, उजेड मोजतात तो बल्ब आणि रिफ्लेक्टर मिळून, सुटा बल्ब कितीही भारी असला तरी काय उपयोग.

फोकस सगळ्यात शेवटी. पार्किंगला उतार नसलेली जागा शोधा, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस, लेव्हलिंगचं बटण शून्यावर. भिंतीपासून ५ मीटर, बल्बच्या उंचीची खूण, डिपरच्या उजेडाची भिंतीवरची वरची कड तिच्याखाली ५ सेंटीमीटर. आपल्याकडे कड डावीकडे वर चढली पाहिजे. उजवीकडे चढत असेल तर तो सेट उजवीकडून चालणाऱ्या देशांचा आहे, ऑनलाईन स्वस्तात घेताना हे बघा.

काल जुन्या कात्रज घाटातून जाऊन आलो, डावीकडची पांढरी पट्टी वळणाच्या आधीच दिसायला लागते आणि समोरून कोणी अपर मारत नाही. आता डाव्या लाईटमागची रबरी टोपी कडक झालीय, पाणी शिरायच्या आत बदलायची आहे. नाना पेठेत सुटी मिळते का कोणाला माहीत असेल तर सांगा, सगळे पूर्ण सेटच गळ्यात मारतायत.