चित्रातला मांडा

आमच्या घरात भाकरीची वेळ आणि गोष्टीची वेळ एकच. सात वाजले की सासूबाई काटवट पुढे ओढतात आणि लेक पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण कट्ट्यावर बसायची तिला बंदी आहे. एकदा तिथून पुस्तक थेट शेंगाच्या चटणीत पडलं होतं. त्या पानावरच्या राजपुत्राला अजून लसणाचा वास येतो.

वाचायचा वेग भाकरी ठरवते. थापण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, तेव्हा लेक थांबते. भाकरी तव्यावर पडून वर पाणी फिरलं की गोष्ट पुढे सरकते. चार भाकऱ्यांत एक गोष्ट होते, पाहुणे असले तर दोन. विक्रम-वेताळ या कामाला फार सोयीचे. वेताळ प्रश्न टाकतो, भाकरी जाळावर फुगते आणि तेवढ्यात सासूबाईंना उत्तर सुचतं. "थांब, मी सांगतो," म्हणतात. आमच्या बेळगावकडच्या जुन्या बायका 'मी सांगतो, मी येतो'च म्हणतात. पुण्याची भाची त्यावर एकदा फिसकन हसली, तर लेकीनं दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

या गोष्टी येतात माळ्यावरून. सासऱ्यांनी 'चांदोबा'चे जुने अंक शिवून ठेवलेत. गल्लीत पलीकडे राहणाऱ्या अज्जींकडे तेच मासिक कन्नडातलं, 'चंदमामा'. मद्रासला १९४७ साली ते तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं आणि मग एकेक भाषा जोडत गेलं. चित्रं तीच, अक्षरं तेवढी वेगळी. लेक शाळेत कन्नड शिकते, म्हणून अज्जींचे अंकही आमच्याकडे येतात, त्यांच्या मागोमाग अज्जीही. सासूबाईंना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्या राजाच्या खांद्यावरचा वेताळ बघून आपल्याला आठवते ती गोष्ट मराठीत सांगतात, अज्जी कन्नडातून दुरुस्ती करतात आणि भाकरी करपते. मग करपलेली कुणी खायची यावर दोघी एकमेकींना आग्रह करतात. शेवटी ती माझ्याच ताटात येते.

परवा मात्र चांदोबा नव्हता. लेकीनं वाचनालयातून संतांच्या गोष्टींचं पुस्तक आणलं होतं. मुक्ताबाईला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली आणि तिनं त्यावर मांडे भाजले, ही गोष्ट. गोष्ट सगळ्यांना पाठ, त्यामुळे ऐकताना कुणी थांबलं नाही. थांबलं चित्रापाशी. सासूबाईंनी पिठाचे हात पदराला पुसून चष्मा लावला.

"हे मांडे? ही पोळी आहे. चित्र काढणाऱ्यानं बेळगाव बघितलंय का?"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. मांडा लाटत नाहीत. पिठीसाखरेचं सारण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन, या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत न्यायचा. तो कोपरापर्यंत लोंबायला लागतो, इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. मग तो पालथ्या खापरावर टाकायचा आणि गरम आहे तोवर घडी घालायची, कारण गार झाला की पापडासारखा मोडतो. बेळगावात लग्नाच्या रुखवतात मांडे लागतात. महाराष्ट्र मांडे मनात खातो, आम्ही दुधात चुरून.

"मग एवढा मोठा मांडा ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मावला कसा?" आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

घर वेताळाच्या प्रश्नानंतर होतं तसं गप्प झालं. सासूबाईंनी एक भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"पाठ केवढी होती ते तुला काय ठाऊक?"

रविवारी आम्ही करून बघितले. कढई पालथी घातली. माझ्या पहिल्या मांड्याला खानापूर तालुक्याएवढं भोक पडलं, दुसरा कोपराला चिकटला, तिसऱ्यातलं सारण जमिनीवर. सासूबाईंचा एक जमला. त्याची घडी घालायची राहिली, कारण आम्ही सगळे तो बघत बसलो होतो. बाकीचे तुकडे दुधात गेले. अज्जींनी वरून तूप सोडलं आणि चव चांगली आहे असं कन्नडात म्हणाल्या. ते आम्ही खरं धरलं.

संध्याकाळी लेक फारच शांत होती. जाऊन बघते तर पुस्तक उघडं, हातात पेन्सिल. मुक्ताबाईच्या हातातली पोळी तिनं वाढवत वाढवत ज्ञानेश्वरांच्या दोन्ही खांद्यांवरून पार जमिनीपर्यंत आणली होती. पाठही जरा रुंद केली होती.

पुस्तक शनिवारी परत द्यायचंय. खोडरबर घेऊन बसले तर सासूबाईंनी ते काढून घेतलं. म्हणाल्या, "राहू दे की. आत्ता बरोबर झालंय."