डायनॅमोडीबीचं टेबल दुपारी 2:36 च्या स्थितीत परत नेताना: माझा अनुभव

जुनी रेकॉर्ड साफ करणाऱ्या स्क्रिप्टची अट चुकली आणि ऑर्डरच्या टेबलातली चालू रेकॉर्डही उडाली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या (एडब्ल्यूएस) डायनॅमोडीबी या डेटाबेसमधलं टेबल, मुंबई रिजनमधलं, साधारण 18 जीबी. पॉइंट इन टाइम रिकव्हरी चालू होती, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. ही सोय टेबल मागच्या जास्तीत जास्त 35 दिवसांतल्या कुठल्याही सेकंदाला जसं होतं तसं परत मिळवून देते. मध्ये कोणी ती बंद करून पुन्हा चालू केली असेल, तर मात्र मोजणी तिथून नव्याने सुरू होते.

पहिला प्रश्न: नेमका सेकंद कोणता? क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसवर कोणी काय केलं याची नोंदवही) शोधायला गेलो तर काहीच नाही, कारण एकेका रेकॉर्डच्या डिलीटची नोंद तिथे आपोआप होत नाही, ती मुद्दाम चालू करावी लागते. क्लाउडवॉचवर (एडब्ल्यूएसचे वापराचे आकडे दाखवणारी सेवा) राइट कपॅसिटीच्या, म्हणजे टेबलात लिहिण्याच्या क्षमतेच्या, वापराचा आलेख एका मिनिटाच्या टप्प्याने लावला, तेव्हा दुपारी 2:37 ला उभा सुळका दिसला. (डिलीटलाही राइट युनिट, म्हणजे या क्षमतेची एककं, लागतात. टीटीएलने, म्हणजे मुदत संपली म्हणून, आपसूक गेलेल्या रेकॉर्डना लागत नाहीत, म्हणून ती या आलेखात येत नाहीत.) स्क्रिप्टच्या लॉगमध्ये पहिला डिलीट 14:37:04 चा होता. आम्ही 14:36:50 धरलं.

इथे साडेपाच तासांचा घोळ होतो. कमांड लाइनवर झोन न लिहिता वेळ दिली आणि मशीनचा झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर ती यूटीसी धरली जाते. 14:36 यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे 8:06. त्याच दुपारी असं केलंत तर वेळ भविष्यातली म्हणून एरर येते आणि चूक कळते. दुसऱ्या दिवशी केलंत तर रिस्टोअर मुकाट्याने होतं, आणि हाती येतं ते डिलीट झाल्यानंतरचं टेबल. वेळेपुढे +05:30 लिहाच. शिवाय रिस्टोअर करता येणारी सर्वात ताजी वेळ ही बहुतेकदा आत्तापेक्षा पाच मिनिटं मागे असते, तेवढं थांबावं लागतं.

रिस्टोअर जुन्या टेबलावर होत नाही, नवीन नावाचं टेबल तयार होतं. आमचा पहिला प्रयत्न परवानगीअभावी अडला. रोलला (ज्या ओळखीने आम्ही कमांड चालवत होतो ती) रिस्टोअरची परवानगी होती, पण नव्या टेबलावर पुट, अपडेट, डिलीट, गेट, क्वेरी, स्कॅन आणि बॅच राइट याही परवानग्या लागतात. दुसऱ्या वेळी ग्लोबल इंडेक्स (वेगळ्या फील्डवरून शोधायच्या जादा सूची) वगळले आणि बिलिंग ऑन-डिमांड, म्हणजे वापराइतकं, ठेवलं. टेबल फक्त वाचून फेकायचं असेल तर इंडेक्सवर वेळ आणि पैसा का घालवायचा? चाळीसेक मिनिटांत टेबल अ‍ॅक्टिव्ह झालं, पण या वेळेचा टेबलाच्या आकाराशी थेट हिशोब लागत नाही.

नवीन टेबलच वापरात घ्यायचा मोह आवरा. नाव बदलता येत नाही, 2:37 नंतर आलेल्या ऑर्डर त्यात नसतात, आणि ऑटो स्केलिंग, अलार्म, टॅग, स्ट्रीम (टेबलातल्या प्रत्येक बदलाची नोंद पुढे पाठवणारा प्रवाह), टीटीएल, खुद्द पॉइंट इन टाइम रिकव्हरी यातलं काहीच सोबत येत नाही.

म्हणून फक्त गेलेली रेकॉर्ड जुन्या टेबलात परत ओतली. कोणती, हे स्क्रिप्टच्या लॉगमधल्या कींवरून (रेकॉर्डच्या ओळख क्रमांकांवरून) ठरवलं. दोन टेबलांतला सरसकट फरक काढला असता, तर ग्राहकांनी दरम्यान स्वतःहून काढलेली रेकॉर्डही जिवंत झाली असती. लिहिताना की आधीपासून नसेल तरच लिही, अशी अट घातली. बॅच राइटमध्ये एका वेळी 25 रेकॉर्ड जातात, पण त्याला अट लावता येत नाही, म्हणून एकेक पुट केलं. अट फसली तरी राइट युनिट खर्च होतातच.

खरा धोका स्ट्रीममध्ये होता. परत लिहिलेलं प्रत्येक रेकॉर्ड स्ट्रीमला नवीन ऑर्डर वाटतं, आणि स्ट्रीमवर बसलेलं लॅम्डा (नोंद आली की आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) ग्राहकाला पुन्हा एसएमएस पाठवतं. लॅम्डाची जोडणी तात्पुरती बंद करून भागत नाही, कारण चालू केली की ते थांबलं होतं तिथूनच पुढे वाचतं, आणि स्ट्रीममध्ये नोंदी 24 तास राहतात. आम्ही परत लिहिताना प्रत्येक रेकॉर्डवर एक खुणेचं फील्ड टाकलं आणि लॅम्डाच्या सुरुवातीलाच तपासणी घातली: घटना इन्सर्टची असेल आणि खूण असेल, तर काही न करता परत फीर. इन्सर्टची अट विसरू नका, नाहीतर त्या ऑर्डरचे पुढचे खरे बदलही गिळले जातात.

पडताळणीला कन्सोलवरचा आयटम काउंट धरू नका, तो साधारण सहा तासांनी ताजा होतो. आम्ही लॉगमधली प्रत्येक की जुन्या टेबलातून वाचून बघितली. दोन दिवसांनी रिस्टोअर केलेलं टेबल काढून टाकलं, कारण त्याच्या स्टोरेजचं बिल वेगळं चालू होतं.