वारा कोणत्या दिशेने वाहतो, एवढेच विचारले होते

विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याचा खेळ, नव्याने शिकणाऱ्या माणसाने सुट्टीसाठी कुठे जावे, हा प्रश्न मला नोव्हेंबरात पडला आणि त्याचे उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाले. मधल्या साडेतीन महिन्यांपैकी जवळजवळ अडीच महिने पुण्यातल्या एका पर्यटन संस्थेच्या कार्यालयात, तिथल्या फोनची वाट पाहण्यात आणि त्यांनी पाठवलेली चुकीची पत्रके परत करण्यात गेले. तो राग अजून पुरता ओसरलेला नाही, त्यामुळे पुढच्या मजकुरात त्या कार्यालयाला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त जागा मिळाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझी तयारी किती होती, ते आधी सांगते. त्याआधीच्या फेब्रुवारीत गोव्यात, पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका किनाऱ्यावर, मी तीन दिवसांचे शिक्षण घेतले होते. फळीवर उभे राहणे, दोरीने शीड पाण्यातून वर ओढणे, बूम, म्हणजे शिडाचा आडवा दांडा, धरून पन्नास-साठ मीटर सरळ जाणे आणि पडणे, एवढे मला येत होते. वळून परत येणे मात्र येत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी आरशासारखे सपाट दिसले म्हणून मी शिक्षकांच्या आधीच पाण्यात उतरले आणि दहा मिनिटांत किनाऱ्यावरची माणसे बोटाएवढी दिसू लागली. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे आपण सगळेच पाठ करतो. रात्री व सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई, दुपारनंतर समुद्राकडून येणारा तो खारा. परीक्षेत या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते, पण जमिनीवरून येणारा वारा किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतो आणि नेमका त्याच वेळी माणसाला आत ओढून नेतो, हे मला त्या सकाळी कळले. शिक्षकांनी बोट आणून मला परत नेले. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

म्हणून पुढच्या सहलीसाठी माझे दोनच प्रश्न होते. शिकण्याच्या वेळेला वारा किनाऱ्याच्या मानाने कोणत्या दिशेने वाहतो, आणि नवशिक्यांसाठी मोठ्या, मध्ये खाली सरकवायचे पाते असलेल्या फळ्या तिथे आहेत का. आम्ही तिघे जाणार होतो, मुलगी बारा वर्षांची, यजमानांना पाण्यात उतरण्यात रस नाही आणि सुट्टी मिळणार ती उन्हाळ्यात, हे ओघाने आलेच.

त्या कार्यालयात चौकशीचा एक छापील अर्ज होता. त्यात ‘साहसी पर्यटन’ या सदरात ‘वॉटर स्पोर्ट्स’ असा एकच चौकोन होता. मी त्याच्यापुढे ‘फक्त विंडसर्फिंग, शीड असलेले’ असे पेनाने लिहिले आणि खाली दोन्ही प्रश्न लिहिले. समोरच्या तरुणाने अर्ज न वाचताच संगणकावर चौकोन भरला आणि म्हणाला, “मॅडम, होऊन जाईल. दहा हजार टोकन भरा, म्हणजे आमची टीम कामाला लागेल.” ते परत मिळतील ना, असे मी विचारले. “शंभर टक्के,” तो म्हणाला. मी भरले. या सगळ्या प्रकरणात माझी स्वतःची म्हणावी अशी चूक एवढीच.

पहिले पत्रक आठ दिवसांनी आले. गोवा, चार दिवस, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड आणि बंपर राइड. मी कळवले की यांतले एकही वाहन वाऱ्यावर चालत नाही. दुसऱ्या पत्रकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुळकीला सर्फिंगचे शिबिर होते. मुळकी सर्फिंगसाठी उत्तम आहे यात शंका नाही, पण सर्फिंगला लाट लागते आणि विंडसर्फिंगच्या नवशिक्याला लाटच नको असते. मी कार्यालयात जाऊन कागदावर फळी, तिच्यावर डोलकाठी आणि तिला त्रिकोणी शीड असे चित्र काढून दाखवले. तो तरुण म्हणाला, “अच्छा, म्हणजे ते दोरीने आकाशात उडवतात ते!” ते काइटसर्फिंग, पतंगाने फळी ओढण्याचा वेगळा खेळ. त्यामुळे तिसरे पत्रक श्रीलंकेतल्या कल्पिटियाचे आले आणि त्यात अभिमानाने लिहिले होते की मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे जवळजवळ रोज जोरात वाहतो.

इथे मला पहिल्यांदा या प्रश्नाची खरी मेख दिसली. वाऱ्याच्या खेळांची सगळी ठिकाणे तिथे किती जोराचा वारा वाहतो, या एकाच मापाने विकली जातात. वाऱ्याची आकडेवारी देणारी संकेतस्थळेही महिन्यातले किती टक्के दिवस ब्यूफोर्ट मापनाच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजण्याच्या श्रेणीच्या, चार किंवा त्याहून वर, म्हणजे ११ नॉट किंवा त्याहून जास्त वारा असतो, तेच ठळकपणे दाखवतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. नवशिक्याला ८ ते १२ नॉट पुरे होतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे २० नॉटच्या वाऱ्यात माझ्यासारखीने आठवडाभर जे काही केले असते त्याला पोहणे म्हणतात. जो आकडा पत्रकात जितका मोठा, तितके ते ठिकाण माझ्यासाठी वाईट, असा उलटा हिशेब होता आणि तो त्या कार्यालयात कोणाच्या गळी उतरेना. “लोक वाऱ्यासाठी जातात आणि तुम्हाला कमी वारा पाहिजे?” असे तिथल्या वरिष्ठ बाईंनी मला विचारले, तेही अशा सुरात की जणू मी हॉटेलात जाऊन कमी जेवण मागत होते. हा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही हो, असेही त्यांनी वर सांगितले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये ईबाद अली यांनी विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, का ते कळले नाही.

चौथे पत्रक मॉरिशसचे होते आणि त्यावर मी खरोखर भुलले. व्हिसाची कटकट नाही, हॉटेलात ‘विंडसर्फिंग मोफत’, ल मॉर्नसारख्या ठिकाणी प्रवाळाच्या आत उथळ पाणी. पण जून ते सप्टेंबर तिथे आग्नेयेचा व्यापारी वारा जोरात असतो आणि आमची सुट्टी त्याच्याच तोंडावर येत होती. शिवाय ‘मोफत’ म्हणजे नेमके काय, हे हॉटेलला विचारा, असा मी आग्रह धरला. शिक्षक आहे का, फळ्या किती लिटरच्या, शिडे किती चौरस मीटरची? तीन आठवडे उत्तर नाही. दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी “मेल टाकलाय मॅडम” हे ऐकायचे. चौथ्या सोमवारी मी त्या हॉटेलचा पत्ता शोधून स्वतःच विचारले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले: फळ्या दोन, शिक्षक नाही, आणि पाहुण्यांना खेळ आधीपासून येत असला पाहिजे. एका रात्रीत मिळणाऱ्या उत्तरासाठी मी तीन आठवडे थांबले होते. त्या दिवशी मी टोकन परत मागण्याचा अर्ज भरला आणि बाकीचा शोध स्वतः घेतला. माझा पहिला सल्ला म्हणूनच हा आहे की विचारणा थेट किनाऱ्यावरच्या शिक्षण केंद्राकडे करावी, मध्यस्थाकडे नाही.

लिटरचा उल्लेख वर आला, तो समजावून सांगायचा राहिला. फळीचे आकारमान लिटरमध्ये मोजतात. शिकणाऱ्यासाठी आपल्या वजनाच्या किलोत शंभर मिळवावेत, निदान तेवढ्या लिटरची फळी हवी, असा ढोबळ हिशेब आहे. माझे वजन ६४, म्हणून मी १८० लिटरच्या खाली जायचे नाही असे ठरवले होते. मधले पाते नसेल तर नवशिका हळूहळू वाऱ्याच्या दिशेला घसरत जातो आणि त्याला फळी ओढत किनाऱ्याने चालत परत यावे लागते. केंद्राने या प्रश्नाला आकड्यांत उत्तर दिले तर ते केंद्र बरे समजावे. “आमच्याकडे सर्व प्रकारची साधने आहेत” असे उत्तर आले तर पुढे जावे.

इजिप्तमधले दहाब मी जवळजवळ निश्चित केले होते. वाळूच्या लांब दांड्याआड तिथे एक उथळ खाडी आहे आणि तिच्यात नवशिक्यांची वेगळी जागा आहे. पण अकाबाच्या आखाताच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधून उत्तरेचा वारा नळीतून यावा तसा येतो, उन्हाळ्यात तर अधिकच, आणि खाडीत तो थोडासा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहतो. तिथे बचावाची बोट असते, हे त्यांनी लगेच कळवले. पण बोटीने परत येण्याचा अनुभव मी एकदा घेतला होता. रामेश्वरमचा विचारही झाला, मात्र तिथला पसारा मुख्यतः काइटसर्फिंगचा.

परत गोव्यालाच का गेले नाही, असे सगळे विचारतात. नोव्हेंबर ते जानेवारीत सुट्टी मिळाली असती तर मी नक्की गेले असते. त्या महिन्यांत दुपारचा खारा वारा सौम्य असतो, फेब्रुवारीनंतर त्याला जोर चढत जातो आणि जूनमध्ये पावसाळा सगळेच बंद करतो. जे जातील त्यांनी सकाळी उतरायची घाई करू नये आणि नदीच्या मुखाजवळ शिकत असतील तर ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण उतरते पाणी वाऱ्याइतकेच आत नेते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. हा हिशेब किनाऱ्यावरच्या कोणत्याही होडीवाल्याला विचारला तर तो घड्याळाकडे न पाहता सांगतो.

शेवटी ठरले ते ग्रीसमधल्या लेफ्काडा बेटाच्या दक्षिण टोकाचे वासिलिकी. केवळ दिवसाची सरासरी पाहिली असती तर मी तेही सोडून दिले असते. सकाळी ५ नॉट आणि दुपारी २० नॉट यांची सरासरी साडेबारा येते आणि प्रत्यक्षात साडेबारा कधीच वाहत नाही. म्हणून आकडे तासाचे पाहावेत, दिवसाचे नाही. वासिलिकीचे वैशिष्ट्य या तासांतच आहे. सकाळी तिथे समुद्राकडून हलकी झुळूक येते, त्यामुळे चूक झाली तरी वारा माणसाला किनाऱ्यावरच आणून टाकतो. दुपारी डोंगर तापला की त्याच्या उतारावरून किनाऱ्याला समांतर जोरदार वारा उतरतो. या वाऱ्याला तिथे सगळे ‘एरिक’ म्हणतात. एरिक आला की नवशिक्यांनी शिडे गुंडाळायची आणि जाणत्यांनी उतरायचे. म्हणजे मतलई आणि खारा यांचे वेळापत्रक माझ्यासाठी उलटे लावलेले ठिकाण मला मिळाले. तिथल्या केंद्राने दोन्ही प्रश्नांची उत्तरे चार ओळींत दिली आणि फळ्यांची लिटरे न मागता लिहिली.

व्हिसा वेळेत मिळाला. ग्रीस ज्यात येतो त्या युरोपीय देशांच्या सामाईक शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. विंडसर्फिंग त्यात येते की नाही, हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि लागेल तर जादा हप्ता भरावा.

इकडे मृगाच्या सरी सुरू झाल्या तेव्हा आम्ही तिकडे होतो. किनारा गोट्यांचा आहे, पायांत बोटीवर घालायचे मऊ बूट हवेत, आणि पाणी अरबी समुद्रापेक्षा बरेच थंड असल्याने अर्ध्या बाह्यांचा वेटसूट लागतोच. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. केंद्राच्या अर्जावर स्वतःची पातळी लिहायची असते. तिथे मी गर्वाने ‘मध्यम’ लिहिले होते. शिक्षिकेने मला पाच मिनिटे पाहिले, काही न बोलता ते खोडले आणि २०० लिटरची फळी दिली. पाचव्या सकाळी मी पहिल्यांदा शीड मागे कलते करून वळले आणि निघाले त्याच जागी परत आले. मुलगी दुसऱ्याच दिवशी वळली होती, ते असो. यजमान तोवर शेजारच्या केफालोनिया बेटावर जाऊन आले होते.

टोकनची रक्कम आम्ही परतल्यानंतर जमा झाली. दहा हजारांतून एक हजार आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा करून ८,८२० रुपये आले. कपातीचे कारण पावतीवर छापलेले आहे: ‘गंतव्यस्थान निवड सल्ला शुल्क’. त्याबद्दल मी लेखी विचारणा केली आहे आणि दर सोमवारी फोन करते.