आई-आबांना घेऊन कच्छच्या मांडवीला गेलो, कसं जमवलं ते सांगतो

आबांचं केव्हापासून चाललेलं, एकदा क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मांचं गाव बघायचंय. आबा अमळनेरला साने गुरुजी जिथे शिकवायचे त्या प्रताप हायस्कूलचे विद्यार्थी, क्रांतिकारकांचा विषय निघाला की जेवण राहून जातं त्यांचं. पण कच्छ म्हटलं की आपल्याकडे सगळे सांगतात मुंबईला जा, तिथून गाडी पकड. काही गरज नाही मुंबईची. अमळनेरहून आपली ताप्ती रेल्वेलाईन सरळ सुरतेला जाते, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर (ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, आबा मुद्दाम खाली उतरून दोन्हीकडे फिरून आले), आणि मुंबईहून भुजला जाणाऱ्या गाड्या सुरतेवरूनच जातात. रात्री सुरतेला बसलं की सकाळी भुज. फक्त मध्ये चांगला वेळ ठेवायचा, लेट झाली गाडी तरी धावपळ नको, म्हातारी माणसं बरोबर असताना तर नकोच.

आता तिकिटाचं, हे नीट वाचा कारण इथेच लोक अडकतात. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, आणि हिवाळ्यात रणोत्सवामुळे (कच्छच्या रणातला पर्यटकांचा मेळा) भुजच्या गाड्या पटकन भरतात. ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असेल तर त्यांचं तिकीट वेगळं काढायचं. लोअर बर्थचा कोटा ज्येष्ठ माणूस एकटा किंवा दोघंच एका तिकिटावर असतील तर लागतो, पुरुष ६० च्या पुढे आणि बाई ४५ च्या पुढे. तुम्ही स्वतःचं नाव त्याच तिकिटात घातलं की तो कोटा गेला. मी आई-आबांचं वेगळं, माझं वेगळं काढलं, दोघांना खालचे बर्थ मिळाले. भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती मिळत नाही.

दुसरं, हॉटेल शोधताना जिल्हा कच्छ आहे का ते बघा. सुरत जिल्ह्यातपण तापीकाठी एक मांडवी आहे आणि आपण खानदेशातून शोधतो म्हटल्यावर मोबाईल आधी तीच दाखवतो. आणि एका लॉजवाल्याने फोनवर एक भाव सांगून तिथे गेल्यावर रणोत्सवाचं कारण देत जास्त मागितले. आम्ही सरळ बॅगा उचलल्या आणि पुढच्या गल्लीत साधी स्वच्छ खोली घेतली, तळमजल्यावर, आबांच्या गुडघ्यांना तेच बरं. त्यामुळे भाव मेसेजवर लिहून घ्याच.

भुजहून मांडवी साधारण ६० किलोमीटर, एसटी मिळते, जीपवालेपण असतात. आम्ही एसटीने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी आणि कोरडी जमीन, आई म्हणे इथे माणसं खातात काय. पण पुढे डाळिंबाच्या, खारकेच्या बागा दिसायला लागल्या, ठिबकच्या नळ्या दिसल्या, आणि आबांचा चेहरा खुलला. नर्मदेचा कालवा आता मांडवी तालुक्यापर्यंत आलाय, कच्छ शाखा कालवा ३५७ किलोमीटर लांब, २०२२ मध्ये शेवटच्या टोकापर्यंत सुरू झाला. बसमधल्या एका शेतकऱ्याशी आबा अर्धा रस्ता पाण्यावरच बोलत होते, ते गुजरातीत, आबा अहिराणीत, दोघांना सगळं समजत होतं.

मांडवी कच्छच्या राव खेंगारजी पहिल्यांनी १५८० च्या सुमारास वसवली. रुक्मावती नदी समुद्राला मिळते तिथलं बंदर. इथली वहाणं, म्हणजे लाकडी जहाजं, आफ्रिका, अरबस्तानपर्यंत माल घेऊन जायची. लोक बीचवर जातात, उंटावर बसतात, फोटो काढतात, ते ठीक आहे, पण माझं स्पष्ट मत आहे की मांडवीला जाऊन नदीकाठची जहाजं बघितली नाहीत तर जाऊच नका. लाकडाची प्रचंड वहाणं उघड्यावर उभी, अजूनही हाताने बांधतात, चारशे वर्षांची परंपरा आहे ही, खारवा या दर्यावर्दी लोकांची, आणि एक वहाण पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षंसुद्धा जातात. खाली उभं राहिलं की मान पूर्ण वर करावी लागते. सकाळी जा, तेव्हा काम चालू असतं. आधी विचारून मगच जवळ जायचं, वरून लाकूड-हत्यार खाली येतं.

एक कारागीर दोन फळ्यांच्या फटीत काहीतरी पांढरं घालून छिन्नी-हातोडीने ठोकत होते. आई जवळ गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, हाऊ ते आपला कापूस शे ना!" कापूसच होता, पीळ दिलेला. पाणी आत येऊ नये म्हणून सगळ्या फटी अशाच कापसाने भरतात, भिजला की तो फुगतो आणि फट घट्ट बंद होते. जन्मभर कापूस वेचलेली माझी आई, तिने तो पीळ हातात घेऊन धागा ओढून बघितला, त्या काकांनी तिला बसायला फळी दिली, चहा मागवला. तिथून तिला उठवायला मला फार वेळ लागला आणि मलापण उठावंसं वाटत नव्हतं. ही कला टिकली पाहिजे हो. नवीन पोरं या कामात किती येतात ते विचारलं तर काका नुसतं हसले.

विजय विलास पॅलेस छान आहे, १९२० मध्ये काम सुरू झालेलं, वर चढून समुद्र दिसतो, पण जिने आहेत, आबा खालीच बसले.

क्रांतितीर्थला, म्हणजे श्यामजींच्या स्मारकाला, मात्र अर्धा दिवस ठेवा. श्यामजींचा जन्म मांडवीचा, ४ ऑक्टोबर १८५७. लंडनला त्यांनी १९०५ मध्ये इंडिया हाऊस काढलं, टिळकांच्या शिफारशीवर सावरकरांना शिवाजी शिष्यवृत्ती दिली ती यांनीच. १९३० मध्ये जिनिव्हात वारले, स्वतंत्र भारतात आपल्या अस्थी नेल्या जाव्यात अशी इच्छा ठेवून, आणि त्या आल्या २००३ मध्ये, पत्नी भानुमतींच्या अस्थींसोबत. त्र्याहत्तर वर्षं! इथे इंडिया हाऊसची हुबेहूब इमारत बांधलीय आणि अस्थी तिथेच ठेवल्यात. आबांनी चपला काढल्या, टोपी काढली आणि बराच वेळ हात जोडून उभे होते. मी कधी त्यांना देवळातही एवढं उभं राहिलेलं बघितलं नाही.

खाण्याचं थोडक्यात, दाबेली मांडवीचीच, ती खाच. रोटला, खिचडी-कढी, ताक म्हाताऱ्यांना सोसतं. तिखट कमी असतं, आईने दशम्या आणि ठेचा घेतलेला म्हणून आबांचं भागलं. पाणी मचूळ लागतं, बाटलीचंच प्या. डिसेंबरात सकाळी समुद्रावरचा वारा बोचतो, कानटोपी लागतेच.

परतीला भुजहून सुरत आणि तिथून दिवसाची गाडी अमळनेरला, तीसुद्धा जातानाच बुक करून ठेवलेली, हेही विसरू नका. आई आता म्हणते ओली खारीक झाडावर बघायचीय, ती जून-जुलैत येते, म्हणजे तिकिटं एप्रिलमध्येच काढावी लागतील.