आमची वाटचाल : सिलिंडर भरण्यापासून ट्रॅकपर्यंत

आमचा मूळ धंदा आग विझवायचे सिलिंडर भरून देण्याचा. बाबांनी १९९६ साली हिंगणा एमआयडीसीत एका लहानशा गाळ्यात तो सुरू केला. एबीसी पावडर, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, फोम अशा सगळ्या प्रकारचे सिलिंडर भरणं, प्रेशर टेस्टिंग, वॉल्व्ह आणि प्रेशर दाखवणारं गेज बदलणं. पुढे मी आलो. कारखाने, पेट्रोल पंप, शाळा, मंगल कार्यालयं असं गिऱ्हाईक जोडलं गेलं आणि वर्षं सरळ गेली. त्या वर्षांबद्दल लिहीत नाही, या लाइनीतल्यांना ती ठाऊकच आहेत. आज नागपूरच्या आसपास कुणी हौशी मुलांसाठी ट्रॅक डे, म्हणजे बंद रस्त्यावर गाड्या पळवायचा दिवस ठेवला, तर वळणावर झेंडा घेऊन उभी राहणारी माणसं बहुतेक वेळा आमची असतात. मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

२०११ मध्ये ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन झाली आणि नागपुरातही गाड्यांचं वेड वाढलं. इथे कायमचा ट्रॅक नाही. मद्रासला आहे, कोइम्बतूरला आहे, पण इथल्या पोरांना तिकडे गाडी नेणं परवडत नाही. मग मोकळ्या ले-आउटचे डांबरी रस्ते, कुणाची तरी बुटीबोरीकडची बंदिस्त जमीन, असं काही भाड्याने घेऊन वाहतुकीचे प्लास्टिकचे कोन मांडायचे आणि गाड्या पळवायच्या. सदरमधले एक गॅरेजवाले काका आमचे जुने गिऱ्हाईक. ते एक दिवस दुकानात आले. म्हणाले, "सहा सिलिंडर भाड्यानं दे, रविवारी पोट्ट्यांना गाड्या पळवायच्या आहे." मी विचारलं, "चालवणार कोण काका?" ते म्हणाले, "म्हंजे काय? आग लागली तं जो जवळ असन तो."

सिलिंडर पोचवायला मी स्वतः गेलो. काकांच्या माणसाने ते सगळे जेवणाच्या मांडवाशेजारी एका ओळीत लावून घेतले. सगळ्यात लांबचं वळण तिथून चारशे मीटरवर. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. तो उचलून चारशे मीटर धावलेला माणूस त्या पंधरा सेकंदांत काय करणार? मी ते उचलून वळणांवर वाटले आणि दुकानातली दोन पोरं बोलावून उभी केली. काका बघत होते. संध्याकाळी त्यांनी सिलिंडरच्या भाड्यासोबत पोरांची मजुरी वेगळी मोजून दिली, न मागता. आमच्या ट्रॅकच्या कामाची ही सुरुवात.

काकांबद्दल थोडं सांगायलाच हवं. टॉर्क पाना, म्हणजे नट ठरावीक जोराने आवळायचा पाना, हातात घेतल्याशिवाय त्यांनी एकही गाडी आत सोडलेली मी पाहिली नाही. चाकाचा प्रत्येक नट कसून झाला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी रिमवर. दोन सेशन झाल्यावर वाकून बघायचं. रेघ सरकलेली दिसली की गाडी बाहेर. मालक कितीही मोठ्या घरचा असो. एकदा एका पोराच्या वडिलांनी हुज्जत घातली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "गाडी दुसरी घेता येते साहेब, पोट्टा कुठून आणता?" आमच्या पोरांचं पहिलं शिक्षण त्यांच्याच शेडमध्ये झालं. भंगार मारुतीच्या सांगाड्याखाली ट्रेमध्ये पेट्रोल पेटवून आम्ही तिथे सराव घ्यायचो.

त्या सरावातून जे पक्कं झालं ते हे. पावडर ज्वाला लगेच पाडते, पण धातू गार करत नाही. गरम सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकत असलं की आग पुन्हा उठते. म्हणून गाडीच्या आगीला माणसं दोन लागतात. एक पावडर मारणार, दुसरा पाठोपाठ फोम धरून राहणार, आणि ड्रायव्हर बाहेर येईपर्यंत दोघांनीही जागा सोडायची नाही. सीओटू उघड्यावर वाऱ्याने उडून जातो; तो बॉनेटच्या आत, वायरिंगला. वारा पाठीवर घेऊनच जवळ जायचं. पावडरचे सिलिंडर वर्षभर उभे राहिले की पावडर तळाशी बसते, त्यामुळे सीझनआधी प्रत्येक नग उलटा करून हलवायचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४७ च्या वर गेलेला आपण पाहिला आहे. त्या उन्हात सिलिंडर उघडा ठेवला की गेजचा काटा हिरव्याच्या वर चढायला लागतो. प्रत्येक वळणावर ताडपत्रीची सावली आम्ही करतो. ती सिलिंडरसाठी आणि माणसासाठी, दोघांसाठी.

कपड्यांवरही आम्ही फार विचार केला. सेफ्टीच्या दुकानात मिळणारं चमकदार पिवळं जाळीचं जॅकेट आम्ही घालत नाही. एक तर ते पॉलिस्टरचं, आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं. दुसरं म्हणजे पिवळा झेंडा धोक्याचा असतो. लांबून वेगात येणाऱ्याला पिवळं जॅकेट दिसलं की झेंडा हलतोय का माणूस हलतोय हे कळत नाही, आणि दिवसभर पिवळं बघून डोळा सरावला की खरा झेंडासुद्धा नजरेतून सुटतो. गांधीबागेतून जाड सुती ड्रिलचं नारिंगी कापड आणून आम्ही अंगभर डगले शिवून घेतले. पाठीवर काही लिहिलं नाही. नारिंगी डगला म्हणजे आमची पोरं, ही ओळख आपोआप झाली.

आता तो भाग, जो लिहायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली.

आमच्याकडे चार वर्षं शिकलेला एक मुलगा २०१७ मध्ये काम सोडून गेला. जाण्याबद्दल तक्रार नाही. त्याने एका इव्हेंटवाल्याशी भागीदारी करून हेच काम सुरू केलं आणि आमच्या निम्म्या भावात पॅकेज दिलं. निम्मा भाव कसा बसतो, ते धंद्यातल्या माणसाला कागद न बघता कळतं. सिलिंडरचा खर्च सगळ्यांना सारखाच येतो, डिझेलही सारखंच. कापायला उरतो तो फक्त माणूस. सकाळी ठिय्यावरून मजूर उचलायचे, गाडीतच शिट्टी आणि झेंडा हातात द्यायचा, आणि वळणावर सोडून द्यायचं. विमा नाही, सराव नाही. पिवळा कधी, लाल कधी, हेसुद्धा धड सांगितलेलं नाही. आणि अंगात नारिंगी डगला. कापड पातळ होतं, पण रंग तोच आणि शिलाईही तीच.

आमचं सगळ्यात मोठं काम एका आयोजकाकडून यायचं. तो तिकडे गेला. जाताना दोन सीझनचे आमचे पैसे अडकवले. आम्ही त्याच्या शब्दावर बँकेचं कर्ज काढून वॉकीटॉकी सेट, फोमची ट्रॉली आणि एक जुनी व्हॅन घेतली होती. हप्ते चालू, काम बंद. शिकवलेली पोरं एकेक करून दुसरीकडे लागली. चार महिने मी दुकानाचं भाडं उधारीवर ओढलं, शेवटी बेसा रोडवरचा प्लॉट विकला. बाबांनी तो माझ्या लग्नाच्या वेळी घेतला होता. त्यांनी सही केली आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

२०१९ च्या हिवाळ्यात त्या निम्म्या भाववाल्यांच्या एका कार्यक्रमात वळणावर एक बाईक घसरली. तिथे उभा केलेला ठिय्यावरचा माणूस बाईक उचलायला सरळ ट्रॅकवर गेला. चांगल्या मनाने गेला, कारण थांबायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मागच्या वळणावर झेंडा हलला नाही. मागून येणाऱ्याने त्याला उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पहिल्या दिवशी दवाखान्याचं बिल कुणीतरी भरलं, नंतर फोन उचलणं बंद झालं. तो माणूस वाडीला राहतो, जड काम त्याला आजही होत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन मला यायला लागले. फोटोत नारिंगी डगला दिसत होता ना. दोन कारखान्यांनी आमचं वर्षाचं कंत्राट थांबवून खुलासा मागितला. मी प्रत्येकाकडे जाऊन हजेरी रजिस्टर दाखवलं, विम्याचे कागद दाखवले, त्या दिवशी आमची पोरं कुठे होती ते सांगितलं. एक कंत्राट परत आलं, दुसरं आलं नाही. ज्याच्यामुळे हे झालं, त्याने ना त्या मजुराची माफी मागितली ना आमची. हे मी विसरलेलो नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

मग कोरोना आला आणि ट्रॅकचं काम शून्यावर गेलं. व्हॅन विकली. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. त्यानंतर दवाखान्यांचं फायर ऑडिट सुरू झालं आणि सिलिंडर भरायला रांग लागली. त्या कामावर आमचं दुकान तगलं. लिहिताना जड जातं, पण खरं ते आहे.

२०२२ मध्ये सदरचे काका पुन्हा आले. मी भावाचा कागद पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाले, "रेट राहू दे. माणसं किती लागतात ते सांग." त्या एका कामावर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

नव्या पोराला झेंडा देण्याआधी मी एक गोष्ट सांगतो. ५ मार्च १९७७, दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी, फॉर्म्युला वनची शर्यत. एक गाडी बंद पडून कडेला थांबली होती आणि तिला बारीकशी आग लागली. पलीकडून दोन मार्शल, म्हणजे आमच्या पोरांसारखेच ट्रॅकवर उभे राहणारे, ट्रॅक ओलांडून धावले. चढामुळे मागून येणाऱ्या गाड्यांना ते दिसत नव्हते. पहिला पोचला. दुसऱ्याला, एकोणीस वर्षांच्या फ्रेडरिक यान्सन व्हान व्यूरनला, टॉम प्राइस या ड्रायव्हरच्या गाडीने उडवलं. त्याच्या हातातला सिलिंडर प्राइसच्या डोक्यावर आदळला. दोघेही गेले. ज्या आगीसाठी तो धावला, ती किरकोळ होती. आमच्या धंद्याची वस्तू हातात घेऊन तो पोरगा मेला, म्हणून ही गोष्ट मी दरवेळी सांगतो. दुसरी गोष्ट जपानमधल्या सुझुकाची, २०१४. कडेला गेलेली गाडी उचलायला क्रेन आली होती, शर्यत थांबवली नव्हती, आणि ड्रायव्हर ज्यूल्स बियांकी घसरत त्या क्रेनवर जाऊन आदळला. पुढच्या वर्षी तो गेला. आमच्याकडे लाल झेंडा दिसून शेवटची गाडी थांबेपर्यंत अडकलेली गाडी ओढायचा ट्रॅक्टर जागचा हलत नाही, आयोजक कितीही ओरडला तरी. आणि एका वळणावर दोघे, दोघांची तोंडं कायम उलट दिशांना. खाली वाकून काम करणाऱ्यासाठी दुसरा शिट्टी तोंडात धरून उभा.

टायरची भिंतही आम्हीच बांधतो. वाडीत ट्रकचे टायर ढिगाने मिळतात आणि आयोजकाला तेच स्वस्त पडतात. पण ट्रकचा टायर दबत नाही, गाडी त्यावरून उलटी फेकली जाते. कारचेच टायर घ्यायचे, एकमेकांना बोल्टने आवळायचे आणि दर्शनी बाजूला कन्व्हेअर बेल्ट, म्हणजे माल वाहणारा जाड रबरी पट्टा, लावायचा, म्हणजे गाडीचं नाक टायरांच्या फटीत घुसत नाही, ती घासत निघून जाते. आपल्याकडे कोळशाच्या खाणी असल्यामुळे असा जुना बेल्ट भंगारात मिळतो. उमरेडकडून आणलेला आमचा बेल्ट इतकी वर्षं टिकला आहे. बाईकवाल्यांसाठी मात्र भिंत कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही, त्यांना पडल्यावर घसरायला मोकळी जागाच लागते.

गाडी चालवणाऱ्यांना थोडं सांगतो. तुमच्या मोटार पॉलिसीचा कागद काढून वाचा. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात वगळलेली असते, ट्रॅकवर मोडलेल्या गाडीचा क्लेम मिळेल असं धरून चालू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षं बदललं नसेल तर ते ओलावा धरून बसलेलं असतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना २३० अंशांच्या पुढे असतो, ओलावा धरला की तो १५५ च्या आसपास येऊ शकतो, आणि पाचव्या-सहाव्या लॅपला, म्हणजे फेरीला, ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं. बाईकवाल्यांनी रेडिएटरमधला कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, काढून साधं पाणी भरावं. कूलंट सांडला तर मागचे दहा जण घसरतात आणि तो धुवायला आमची पोरं ट्रॅकवर जातात. कारवाल्यांनो, सीटखालची पाण्याची बाटली काढा, ती पेडलखाली जाते. हेल्मेट एकदा आपटलं की बाद, वरून कितीही नवं दिसो. कारमध्ये बाईकचं हेल्मेट शक्यतो नको, कारसाठीच्या हेल्मेटला आतून आग न पकडणारं अस्तर असतं. आणि दिवसाचं शेवटचं सेशन थकल्यासारखं वाटत असेल तर सोडून द्या. अंग दमलेलं असतं, टायर गरम झालेले असतात आणि प्रत्येकाला एक शेवटचा चांगला लॅप काढायचा असतो.

आयोजकांसाठी आमच्या अटी छापील आहेत, तरी काही इथे लिहितो. ॲम्ब्युलन्स कुणाला घेऊन निघाली की ती किंवा दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद. जागेपासून सरकारी मेडिकल कॉलेजच्या ट्रॉमा सेंटरला किंवा मिहानच्या एम्सला पोचायला किती वेळ लागतो, ते आमचा माणूस आदल्या दिवशी त्याच वेळेला गाडीने जाऊन बघतो. पोरांचा विमा आमच्याकडे असतो आणि त्याचा खर्च बिलात वेगळा दिसतो. तो काढून टाका असं सांगणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा भरत आल्या आहेत. ज्यांना कार्यक्रम ठेवायचा आहे त्यांनी जागेचा ॲडव्हान्स देण्याआधी आम्हाला बोलवावं. जागा पायी फिरून बघायचे आम्ही पैसे घेत नाही.