पाइप कुठे मुडपला?

मे महिन्यातली दुपार. नवतप्याला, म्हणजे मेअखेरच्या त्या रणरणत्या नऊ दिवसांना, अजून अवकाश आहे, तरी पारा ४५ च्या आसपास रेंगाळतोय, आणि नागपुरातलं अख्खं घर एकाच खोलीत गोळा झालंय, अर्थातच कूलरच्या. इंटरनेटची वायर मात्र बाहेरच्या खोलीत, जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेली. त्यावरून वायफायने आतल्या लॅपटॉपला नेट दिलेलं असतं. तास-दोन तास बरे जातात आणि मग आतून हाक येते, "नेट गेलं!"

या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. डॉक्टरसमोर बसून "बरं वाटत नाही" एवढंच म्हणावं आणि तोंड मिटून घ्यावं, तसलं हे. कुठून गेलं? गेलं तेव्हा कुठवर आलेलं होतं?

ज्यांचं लहानपण इकडे गेलं त्यांना कूलर भरणं आठवत असेल. एक जण अंगणातल्या नळाशी, दुसरा खिडकीत टाकीपाशी, मधे हिरवा पाइप. "आलं का?" "नाही ना बाप्पा!" "आता?" "थेंब थेंब!" नळाजवळचा नळ पिळत राहायचा, टाकीजवळचा पाइपच्या तोंडात डोळा घालून बघायचा, आणि तुळशीपाशी मुडपलेली जागा सापडायची ती तिसऱ्याच, रिकामटेकड्या पोराला. कारण तेवढंच पाइपच्या कडेकडेने चालत गेलेलं असायचं.

दोन कॉम्प्युटरच्या मधेही असंच चालत जावं लागतं, आणि सुरुवात नळापासून. विंडोजमध्ये कनेक्शन वाटायची सोय ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून आहे, आणि तेव्हापासून लोक एकच चूक करत आलेत: टिचकी, म्हणजे चौकोनातली बरोबरची खूण, उलट्या नेटवर्क कार्डावर मारतात. नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत दोन चित्रं दिसतात, एक वायरचं, एक वायफायचं. नेट ज्यातून घरात येतं त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तिथे टिचकी. ज्यातून पुढे द्यायचं ते कार्ड खालच्या यादीत निवडायचं. "वायफायने द्यायचंय ना, मग वायफायवरच टिचकी" हे ऐकायला बरोबर वाटतं, तिथेच माणूस फसतो. विंडोज १० आणि ११ मध्ये मोबाइल हॉटस्पॉटच्या पानावर हाच प्रश्न सरळ विचारलेला असतो, कशातून घेऊ आणि कशावरून देऊ. त्यामुळे नव्या मशीनवर मी जुन्या वाटेला जाऊच नये म्हणतो. फक्त तिथली वीज वाचवण्याची सोय बंद करून टाकावी. कुणी जोडलेलं नसलं की पाच मिनिटांत हॉटस्पॉट आपणहून मिटतो, आणि चहा घेऊन आलेला माणूस पुन्हा ओरडतो, "नेट गेलं!"

आता पाइपचं दुसरं टोक. लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहायचं आणि आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा नंबर, वाचायचा. १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर पहिल्या कॉम्प्युटरने याला ओळखलंय. (विंडोज एक्सपीच्या काळात नेट वाटणाऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असायचा. बऱ्याच राउटरचाही तोच, त्यामुळे एका वाड्यात दोन पाटील.) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कुणीच पत्ता दिला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक ठरवून घेतलाय. असं झालं की बाहेरच्या कॉम्प्युटरवरच्या अँटिव्हायरसची फायरवॉल, म्हणजे ये-जा अडवणारा पहारेकरी, बघावी. आणि तिसराच कुठला पत्ता दिसत असेल तर लॅपटॉपमध्ये कुणी कधीकाळी ऑफिससाठी हाताने पत्ता भरून ठेवलाय का ते.

पत्ता ठीक असेल तर त्याच काळ्या खिडकीतून तीन पिंग (ping), म्हणजे "आहेस का?" अशा हाका. पहिला १९२.१६८.१३७.१ ला, म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरला. याला उत्तर आलं नाही तरी घाबरू नये, विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला गप्प बसवते. दुसरा ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला. हा परत आला म्हणजे पाणी टाकीपर्यंत पोचतंय. तिसरा कुठल्याही साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या सोयीचा. लॅपटॉपच्या वायफायमध्ये डीएनएस म्हणून तेच ८.८.८.८ भरून बघावं.

सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे काही साइट उघडतात आणि काही नुसत्या गरगरत राहतात. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन असेल तर त्यातून एका वेळी १४९२ बाइटचंच पाकीट जातं, नेहमीचं १५०० चं नाही. लॅपटॉप बिचारा १५०० चीच पाकिटं बांधत बसतो. पिंगला ‘एफ’ (पाकीट तोडू नको) जोडून १४६४ बाइट पाठवावेत (ping -f -l 1464 8.8.8.8), वरचे २८ पाकिटाच्या वेष्टणाचे. ते गेले आणि १४७२ अडकले तर चोर सापडला. लॅपटॉपच्या वायफायचा एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ केला की गरगर थांबते.

आणि हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. राउटर, दोन्ही मशीन, फायरवॉल, सगळं एकदम बंद-चालू करणाऱ्याचं नेट येतंही, पण कशाने आलं ते त्याला कधीच कळत नाही. विंडोज १० वर जुन्या पद्धतीने वाटलेलं नेट तर कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावरच जातं, टिचकी जागेवर दिसत असूनही. ती काढायची, परत मारायची.

इतकं करूनही दुपारीच रडत असेल तर भिंतीकडे बघावं. हिवाळ्यात धड चालणारं नेट एप्रिलपासून अडखळतं, याचं कारण मधल्या खिडकीत नुकतंच बसवलेलं असतं: पत्र्याचं अंग, तिन्ही बाजूंना ओलंगच्च गवत, खाली भरलेली टाकी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब. कूलरच्या जाळीतून वारा येतो, पण बारीक भोकांची लोखंडी जाळी तिच्या लेखी भिंतच. मोटरला उगाच दोष देतात, अडथळा सांगाड्याचा आहे. ५ गिगाहर्ट्‌झ तर भिंतीपलीकडे आणखी लवकर दमतं, म्हणून दोन खोल्यांत २.४ च ठेवावं, आणि चॅनल १, ६ किंवा ११.

बोटाच्या पेराएवढं यूएसबी वायफाय सीपीयूच्या मागे, टेबलाखाली खोचलेलं असेल तर त्याच्यापुढे आधी सीपीयूचाच पत्रा. त्यातून शेजारचं निळं यूएसबी ३ चं पोर्ट २.४ च्याच आसपास खरखर करतं. बर्डीच्या बाजारात कुठेही मिळणारी मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून ते टेबलावर आणून ठेवावं. सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवस डोकं घालण्याआधी हे करावं, असं माझं स्पष्ट मत.

कूलर सरकवणं हाही उपाय आहे, पण मे महिन्यात तो कुणी सुचवू नये. आणि सरकवायचाच झाला, किंवा नुसतं पाणी जरी भरायचं असलं, तरी आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद नाही, प्लग. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बहुतेकदा ओल्या फरशीवर अनवाणी उभी असताना, एका हातात पाइप आणि दुसरा हात पत्र्यावर. कूलर, कॉम्प्युटर आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर प्लग काढल्यावर नेटही जाईल.

जाऊ द्या.